थ्रीडी रेंडर म्हणजे काय? न बांधलेल्या घराचा ‘फोटो’ कसा तयार होतो?

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडली की ऐरोलीनंतर येतं रबाळे. एका बाजूला एमआयडीसीचे कारखाने आणि त्यामागे पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला वस्ती आणि पुढे ठाण्याची खाडी. या पट्ट्यात घर शोधायला लागलात की मोबाइलवर जाहिराती सुरू होतात. ऐसपैस हॉल, मऊ ऊन, चकचकीत फरशी, खिडकीबाहेर हिरवळ. ‘फोटो’ एकदम खरा वाटतो. पण जागेवर जाऊन बघावं तर अजून पायाचंच काम चालू असतं!

मग हा फोटो काढला कुणी? उत्तर सोपं आहे. कुणीच नाही. तो संगणकाने तयार केलेला असतो. त्यालाच म्हणतात थ्रीडी रेंडर.

रेंडर म्हणजे नेमकं काय?

कॅमेरा समोर असलेल्या वस्तूवरून आलेला प्रकाश टिपतो. रेंडरमध्ये समोर काहीच नसतं. खोलीचं मॉडेल, वस्तूंचे पृष्ठभाग, दिवे आणि कॅमेऱ्याची जागा ही माहिती सॉफ्टवेअरला दिली जाते. मग चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यावर कुठून किती प्रकाश येईल, याचं ते गणित करतं. साध्या फुल एचडी चित्रातही असे २० लाखांहून जास्त ठिपके असतात.

या गणिताचा पाया १९८० च्या दशकात घातला गेला. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये आरसा आणि काचेतून जाणारे किरण मोजण्याची पद्धत मांडली. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर उडणारा प्रकाश मोजून दाखवला. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी हे सगळं एका समीकरणात बसवलं.

यातलं मुख्य तत्त्व तुम्ही घरातही पाहू शकता. लाल भिंतीवर ऊन पडलं की शेजारचं पांढरं छतही किंचित लालसर दिसतं. प्रकाशाची ही ‘उधारी’ चित्रात आली की खोली खरी वाटू लागते.

चित्र तयार कसं होतं?

१. नकाशा: ऑटोकॅडमधला प्लॅन घेऊन भिंती, दारं, खिडक्या मापात उभ्या केल्या जातात. थ्रीडीएस मॅक्स, स्केचअप आणि मोफत मिळणारं ब्लेंडर ही यासाठीची नेहमीची सॉफ्टवेअर.

२. फर्निचर: सोफा, बेड, पडदे बहुतेक वेळा तयार मॉडेलच्या साठ्यातून घेतात. प्रत्येक वस्तू नव्याने बनवत नाहीत.

३. मटेरियल: फरशी किती गुळगुळीत, लाकडाचे रेषे कसे, कापड किती खरखरीत हे ठरवतात. खरेपणाचा मोठा भाग इथेच असतो. खऱ्या टेबलाची कड कधीच सुरीसारखी धारदार नसते, म्हणून ती किंचित गोल करतात. उशीला चुणी, काचेवर हलका डाग अशा गोष्टी मुद्दाम घालतात. फार स्वच्छ चित्र लगेच खोटं वाटतं.

४. प्रकाश: सूर्य, आकाश आणि घरातले दिवे. पिवळसर दिवा साधारण २,७०० ते ३,००० केल्विनचा, पांढरा ट्यूबलाइट ६,५०० च्या आसपास. जाहिरातीत बहुधा पिवळसरच निवडतात, कारण घर उबदार वाटतं.

५. कॅमेरा: उंची, कोन आणि लेन्स ठरवतात.

६. रेंडर आणि सफाई: प्रत्येक ठिपक्यासाठी शेकडो किरण मोजले जातात. कमी मोजले तर चित्रात दाणे दिसतात. संगणक किती ताकदीचा आणि चित्र किती बारकाईचं, त्यावर काही मिनिटं किंवा काही तास लागतात. शेवटी रंग आणि उजेड फोटोसारखा नीट करतात.

रबाळ्यापासून तिसरं स्टेशन: आयकिया

रबाळ्यानंतर घणसोली, कोपरखैरणे आणि मग तुर्भे. तिथे १८ डिसेंबर २०२० ला आयकियाचं मोठं दुकान सुरू झालं. हीच कंपनी या तंत्राचं जगातलं गाजलेलं उदाहरण आहे. २००६ च्या कॅटलॉगमध्ये त्यांनी ‘बर्टिल’ नावाच्या लाकडी खुर्चीचं संगणकीय चित्र छापलं. २०१० मध्ये अख्खी खोलीच संगणकावर तयार झाली. २०१४ पर्यंत त्यांच्या एकेकट्या वस्तूंच्या चित्रांपैकी ६० ते ७५ टक्के चित्रं अशीच बनत होती. एका फोटोसाठी जगभरातून फर्निचर गोळा करण्यापेक्षा हे स्वस्त आणि सोयीचं पडत होतं.

पण फरक लक्षात घ्या. आयकियाची खुर्ची दुकानात जाऊन बसून बघता येते. बांधायच्या फ्लॅटचं तसं नसतं.

चित्र फसवतं कुठे?

- रुंद लेन्स: १० फुटांची खोलीही लांबलचक दिसते. शिवाय संगणकातला कॅमेरा भिंतीच्या पलीकडेही ठेवता येतो. खऱ्या खोलीत तिथे कुणी उभंच राहू शकत नाही.
- लहान फर्निचर: तीन जणांचा सोफा साधारण ७ फुटांचा असतो. चित्रात तो ५ फुटांचा केला की हॉल आपोआप मोठा वाटतो.
- खिडकीबाहेरचं दृश्य: ते वेगळं चित्र असतं, मागे चिकटवलेलं. प्रत्यक्षात समोर खाडी असेल, शेजारची इमारत असेल किंवा कारखान्याची शेड.
- न दाखवलेल्या गोष्टी: ग्रिल, एसीचं बाहेरचं युनिट, छताखालचा बीम, वाळत घातलेले कपडे.

कायदा काय म्हणतो?

२०१६ च्या रेरा कायद्यातलं कलम १२ इथे महत्त्वाचं आहे. जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर ग्राहकाला भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल, तर व्याजासह पैसे परत मागता येतात. कलम १३ नुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा केला आहे.

बुकिंगआधी एवढं करा

- क्यूआर कोड स्कॅन करून महारेराच्या साइटवरचा मंजूर नकाशा आणि कार्पेट एरिया बघा. कायद्यानुसार कार्पेट एरियात बाल्कनी धरत नाहीत.
- खोलीची मापं घ्या आणि आत्ताच्या घरात जमिनीवर खडूने आखा. त्यात तुमचा बेड आणि कपाट बसतं का पाहा.
- खिडकी कोणत्या दिशेला आहे ते विचारा. जागेवर दुपारी एकदा जा, पावसाळ्यात जमलं तर उत्तमच.
- चित्रातलं काय मिळणार आणि काय फक्त सजावट, हे करारात लिहून घ्या. कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत ‘कलात्मक चित्र’ असं लिहिलेलं असतं, तेही वाचा.
- इंटिरियरवाल्याकडून काम करून घेत असाल तर रेंडरवर खूश होऊन ॲडव्हान्स देऊ नका. मापांसह ड्रॉइंग आणि प्लाय, लॅमिनेट, हार्डवेअरची नावं असलेलं कोटेशन आधी घ्या.

रेंडर वाईट नाही. भिंत फोडण्याआधीच चूक दिसते, रंग आधीच ठरवता येतो, घरातल्या सगळ्यांना एकच गोष्ट समजते. फक्त चित्र बघून मन ठरवा, पैसे मात्र नकाशा बघूनच भरा.