चरबा

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला एकच विद्या येते : चेकवरची सही कार्डावरच्या नमुना सहीशी ताडून पाहणे. त्यामुळे इतिहासाचं पुस्तक वाचतानाही मी आधी विचारतो, ‘नमुना कुठला?’

आता शिवाजी महाराजांचं चित्र घ्या. वसईपासून विरारपर्यंत चौकात, कॅलेंडरवर, रिक्षाच्या काचेवर ते आहेच. पण एके काळी महाराजांचं म्हणून खुशाल छापलं जाणारं एक चित्र चक्क कुणा इब्राहिमखानाचं निघालं! खातं एकाचं, फोटो दुसऱ्याचा. हा घोळ निस्तरला वा. सी. बेंद्रे यांनी. व्हॅलेंटाइन नावाच्या डच धर्मोपदेशकाने १७२४ ते १७२६ मध्ये छापलेल्या जाडजूड ग्रंथातलं महाराजांचं चित्र त्यांनी १९३३ साली लोकांपुढे ठेवलं.

पण छापलेलं चित्र म्हणजे तरी नक्कलच की! हाताने रंगवलेली, वहीच्या पानाएवढी चित्रं आणखी आहेत. गोवळकोंड्याचे चितारी राजेरजवाड्यांच्या तसबिरींचे संचच्या संच युरोपियन गिऱ्हाइकांसाठी करीत. ॲमस्टरडॅमचा नगराध्यक्ष विट्सन याच्याकडे असा ४९ तसबिरींचा संच होता, साधारण १६८६ सालचा. त्यात महाराज आहेत. आज तो तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे.

इतक्या नकला करायच्या कशा? तर चरबा काढून. पातळ, पारदर्शक कातड्यावर मूळ चित्राच्या रेषा उतरवायच्या, रेषेवर टाचणीने भोकं पाडायची आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची. खालच्या कागदावर ठिपके उमटले की ते जोडून रंग भरायचे. आपल्या बायका छिद्रांच्या कागदाने दारात रांगोळी काढतात, तीच युक्ती! ‘चरबा’ म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण इथे नाक टिकलं ते चरब्यामुळेच. मूळ हरवलं तरी नाकाची रेषा भोकाभोकांतून पुढे जात राहिली.

मनुची या इटालियनाने मीर महंमदाकडून करवून घेतलेलं चित्र पॅरिसला आहे. त्यात महाराज घोड्यावर आहेत. मनुची १६६५ साली जयसिंगाच्या छावणीत महाराजांना भेटला होता, असं तोच लिहितो. (तो बाता मारण्यातही कमी नव्हता, हेही सांगायला हवं.) आणि गोवळकोंड्याला तर महाराज १६७७ मध्ये स्वतः गेले होते. तिथल्या एखाद्या चिताऱ्याने गर्दीतून त्यांना डोळे भरून पाहून घेतलं असेल का?

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या तसबिरीतही तेच बाकदार नाक, तीच टोकदार दाढी. असा चेक समोर आला तर मी साहेबांना न विचारता पास करीन.

सौ. म्हणते, “महाराजांना ओळखायला तुमच्या बँकेचा शिक्का कशाला लागतो?”