आमची बोडी

आमच्या झाडीपट्टीत बोडी म्हणजे स्वतःच्या शेतातलं लहान तळं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत गावाचे मोठे तलाव गोंड राजांच्या काळापासून बांधलेले. त्यात कोहळी समाजाचा हात मोठा. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळीने बांधला, हे इथलं लेकरूही सांगते. इंग्रजांच्या काळात हे तलाव मालगुजारांकडे होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. बोडी मात्र ज्याच्या शेतात, त्याचीच राहिली.

त्यानंतर दोनच वर्षांनी आमच्या आज्याने बोडी खणली. तलावाच्या सलंगाचं पाणी नाल्याला जाते, त्या नाल्याच्या काठी आमचं शेत. सगळ्यात वरच्या बांधीत उन्हाळाभर घरची माणसं खपली. निघालेल्या मातीचाच पार घातला, एका बाजूला सांड ठेवला. हेतू एकच, पाऊस दडला तर रोवण्याला पाणी मिळावं.

मासोळी कोणी टाकली नव्हती. मृगाच्या पहिल्या पुरात ती आपल्या पायाने आली, असं आजा म्हणे. तलावातून नाल्यात, नाल्यातून सांड चढून बोडीत. मरळ, शिंगी, वाघूर. उन्हाळ्यात बोडी आटली तरी मरळ चिखलात तग धरायची.

दुसऱ्या वर्षी तलावावरचे ढिवर आले. त्यांच्यातली एक म्हातारी आज्याला म्हणाली, "पाटील, जमीन तुमची, पाणी तुमचं. पण मासोळी तं आमच्या तलावातली ना?" आजा हसला, पण त्याला पटलं. तेव्हापासून वैशाखात ढिवरांनी जाळं टाकायचं आणि अर्धी मासोळी त्यांनी न्यायची, असं ठरलं. कागद कुठेच नव्हता.

मी सातवीत होतो तेव्हा बाबाच्या डोक्यात मत्स्यशेती शिरली. 1957 साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन रोहू, मृगळ यांची पैदास करून दाखवली होती. तोवर हे बीज नदीतून धरून आणावं लागे, आता ते विकत मिळू लागलं होतं. बाबाला सांगितलं गेलं, की मरळ बोटुकली खाते, आधी तिचा नायनाट करा. आम्ही मोहाची ढेप कुटून बोडीत कालवली. टोपल्या मीच वाहिल्या. दुपारपर्यंत सारी मासोळी उलटी होऊन वर आली. पाण्याच्या कडेला मरळीच्या पिल्लांचा लाल थवा होता, तोही तरंगत होता. मायने त्या दिवशी चूल पेटवली नाही.

मग रोहू-कतला सोडली, सांडाला जाळी ठोकली. ढिवरांचा वाटा बंद झाला. "बीज आपण विकत आणलं," बाबा म्हणे. त्याचंही खोटं नव्हतं. पहिली तीन वर्षं पैसे बरे आले, बहिणीचं लग्न त्यावर निघालं. पण रोहू साचल्या पाण्यात अंडी घालत नाही. दरसाल बीज विकत आणा. पुढे एका दुष्काळात चैत्रातच बोडी आटली, आणि यावेळी चिखलात काहीच जगलं नव्हतं. वीस वर्षं ज्याला आम्ही आमचं म्हणत होतो, ते एका उन्हाळ्यात संपलं.

बाबा गेल्यावर मी सांडाची जाळी काढली. गाद उपसून वावरात टाकली. दोन पावसाळे काहीच दिसलं नाही. तिसऱ्या वर्षी श्रावणात बेसरमच्या झुडपाखाली पाणी लालसर हललं. वाकून पाहिलं, तर मरळीची पिल्लं, आणि खाली राखणीला नर.

त्या वैशाखात मी ढिवरपुऱ्यात गेलो. म्हातारी कधीच वारली होती. तिच्या नातवाला म्हटलं, "जाळं घेऊन ये गा, अर्धा वाटा तुमचा." तो जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आजी सांगत होती."