अटकेची दोन रूपे

माहूरचा विषय निघाला की रेणुकामातेचे ठाणे, दत्तशिखर, अनसूयेचे मंदिर, सोनापीर आणि तो प्रचंड किल्ला यांची आठवण होते. आज नांदेड जिल्ह्यात असलेला हा प्रदेश १९५६ पर्यंत त्या जिल्ह्यात नव्हता, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते. माहूर ज्या किनवट तालुक्यात होते तो तालुका हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. राज्यांच्या भाषावार पुनर्रचनेत तो मराठवाड्याबरोबर आला आणि उरलेला आदिलाबाद तेलुगू प्रदेशात राहिला. जिल्हा दुभंगला तशा त्याच्या आठवणीही दुभंगल्या. मराठवाड्याच्या इतिहासात आपण मुक्तिसंग्राम वाचतो, पण त्याच जंगलपट्ट्यात गोंड आणि कोलामांच्या वाट्याला काय आले ते शेजारच्या राज्याचा इतिहास म्हणून सोडून देतो. या लेखात आम्ही हे दोन्ही धागे एकत्र धरू पाहत आहोत. प्रश्न एकच आहे: संशयिताला त्याच्या राहत्या ठिकाणी पकडायला राजसत्ता येते तेव्हा किती बळ घेऊन येते, आणि ते कशावरून ठरते?

पहिली घटना १९४० सालची, आसिफाबादजवळच्या जोडेघाटची. कारण जुने आणि साधे होते. वनखात्याने राखीव जंगलाच्या सीमा आखल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या जागा बदलत शेती करणारे गोंड व कोलाम एका रात्रीत अतिक्रमक ठरले. वनरक्षकांनी त्यांच्या वस्त्या जाळल्या. कुमराम भीम या गोंड पुढाऱ्याने आधी अर्जविनंत्यांचा मार्ग धरला. त्यातून काही निष्पन्न झाले नाही, तेव्हा आसपासच्या वस्त्यांतील माणसे त्याच्याभोवती जमली आणि त्यांनी वनखात्याचा अंमल नाकारला. सरकारच्या लेखी हा बंडाचा गुन्हा होता. भीम आणि त्याच्या साथीदारांना पकडण्यासाठी सशस्त्र पोलिसांची तुकडी डोंगरावर चढली. अटक झालीच नाही. गोळीबार झाला आणि भीमासह अनेकजण आपल्या वस्तीपाशीच मारले गेले. आश्विन पौर्णिमेला गोंड समाज आजही त्याची पुण्यतिथी पाळतो.

पुढे जे घडले ते आमच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. हा उठाव का झाला याचा शोध घेण्यासाठी निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाची मदत घेतली. तो आदिलाबादच्या गोंडांत जाऊन राहिला, त्यांची भाषा शिकला आणि त्याने सरकारला अहवाल दिले. दुखण्याचे मूळ जमिनीत आहे, हा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतरच्या दशकात हजारो आदिवासींना जमिनीचे पट्टे मिळाले आणि त्यांच्या मुलांसाठी गोंडी भाषेतून शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. म्हणजे बंदुकीने जे मिटवायचे होते ते अखेर तलाठ्याच्या दप्तरात मिटले, आणि तेही अर्धेमुर्धेच. पट्टा आधी देता आला असता. त्यासाठी भीमाचा मृत्यू ही पूर्वअट नव्हती.

या हायमेनडॉर्फचीही एक अटक आहे. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्याच्याजवळ नाझी जर्मनीचे पारपत्र होते, कारण ऑस्ट्रिया १९३८ मध्ये जर्मनीत विलीन करण्यात आला होता. कायद्याने तो ब्रिटिश साम्राज्याचा शत्रू-नागरिक ठरला. त्याला ताब्यात घेण्यात आले, पण ज्यांनी घेतले ते अधिकारी त्याच्या परिचयाचे होते. त्यांनी दिलगिरी व्यक्त करीत हे काम उरकले आणि हैदराबाद संस्थानाची हद्द सोडायची नाही एवढेच बंधन त्याच्यावर घातले. साम्राज्य जिवावरच्या युद्धात गुंतलेले असताना शत्रुराष्ट्राचा पारपत्रधारक सौजन्याने अटकेत जातो, आणि आपल्या शेतासाठी भांडणारा शेतकरी गोळी खाऊन मरतो. दोन्ही घटना एकाच संस्थानाच्या आसमंतात एक-दोन वर्षांच्या अंतराने घडल्या. दोघांपैकी राज्याला अधिक धोका कोणाचा होता, हे ठरवण्याचा प्रयत्न केला तर बळाच्या मोजमापाचे काहीतरी वेगळेच माप हाती लागते.

ते माप आठ वर्षांनी पुन्हा दिसले, आणि या वेळी फार मोठ्या पटावर. रझाकारांच्या काळात पैनगंगेच्या अलीकडे निजामाचा अंमल आणि पलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणजे भारत, अशी स्थिती होती. नदी ओलांडली की निजामाच्या पोलिसांचा हात पोहोचत नसे. म्हणून सीमेपलीकडे मुक्तिसंग्रामाच्या छावण्या उभ्या राहिल्या. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी बिलोली भागात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली होती. ३० जानेवारी १९४८ रोजी क्रांतिकारकांनी उमरीची बँक लुटली. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरटा या गावात रझाकारांनी मोठे हत्याकांड केले. या छळाचा इतिहास नाकारण्याचे कारण नाही. त्या राजवटीत घराच्या दाराला काही अर्थ उरला नव्हता, हे त्या पिढीने सोसून पाहिले.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबादेत शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. सोलापूरकडून चिलखती डिव्हिजन घेऊन मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी नळदुर्गावरून पुढे सरकले. रणगाडे आणि विमाने असलेल्या या मोहिमेला सरकारी भाषेत नाव मिळाले ‘पोलीस ॲक्शन’. नावामागे कारण होते. हैदराबादने ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती, आणि युद्ध म्हटले की दोन राष्ट्रे आली. पोलीस म्हटले की घरातला मामला होतो. गंमत अशी की हाच शब्द त्याआधी वर्षभर डच सरकारने इंडोनेशियातील आपल्या लष्करी मोहिमेसाठी वापरला होता, आणि जुलै १९४७ मध्ये त्या ‘पोलीस कारवाई’विरुद्ध सुरक्षा परिषदेत दाद मागणाऱ्यांत भारत आघाडीवर होता. १९५० मध्ये कोरियातील युद्धालाही अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी हेच नाव मान्य केले. ज्या कृत्याला युद्ध म्हणणे अडचणीचे असते त्याला पोलिसांचा गणवेश चढवला जातो.

विलीनीकरण योग्य होते की नव्हते, हा आमचा प्रश्न नाही. ते अटळ होते आणि बहुसंख्य प्रजेला हवे होते. पण नाव जर पोलीस कारवाईचे आहे, तर पोलीस कारवाईला लावायचे प्रश्नही तिला लावले पाहिजेत. आरोपी कोण होते? त्यांना कसे पकडले? आणि जे आरोपी नव्हते त्यांचे काय झाले?

आरोपींच्या बाबतीत उत्तर सुखद आहे. निजाम मीर उस्मान अली खान आपल्या महालात राहिले आणि २६ जानेवारी १९५० पासून राजप्रमुख झाले. पंतप्रधान मीर लायक अली यांना त्यांच्याच घरी नजरकैदेत ठेवले. हा बंदोबस्त इतका सैल होता की मार्च १९५० मध्ये ते तिथून निसटून पाकिस्तानात पोहोचले. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा मूळचा लातूरचा वकील. त्याला सैन्य शिरल्यानंतर आठवड्याच्या आतच पकडले, त्याच्यावर रीतसर खटला चालला, त्याने शिक्षा भोगली, १९५७ मध्ये तो सुटला आणि कराचीला गेला. तिथेच १९७० मध्ये वारला. यात आम्हांला वावगे काही वाटत नाही. अटक अशीच व्हावी. रझवीसारख्या माणसालाही न्यायालय मिळाले, ही नव्या राज्याच्या जमेची बाजू आहे.

जे आरोपी नव्हते त्यांचे उत्तर मात्र पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या अहवालात आहे. नेहरूंच्या सरकारनेच धाडलेल्या या मंडळींनी १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानभर फिरून माहिती घेतली. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसली. मृतांत बहुतांश मुसलमान होते, आणि ते सगळेच रझाकार होते असे त्या समितीला आढळले नाही. सैन्याने अनेक ठिकाणी मुसलमानांचे रक्षण केले हे अहवाल सांगतो. काही ठिकाणी सैनिक व पोलीस यांनीच लुटीत भाग घेतला, आणि कुठे तर पुरुषांना बाहेर काढून ठार मारले, हेही तो सांगतो. लातुरातील कत्तल वीस दिवसांहून अधिक काळ चालली, अशीही त्याची नोंद आहे. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित ठेवला गेला. लातूरचा वकील कैदेत सुरक्षित होता, आणि ज्यांनी त्याचे भाषणही कधी ऐकले नसेल अशी लातूरची माणसे त्याच्या नावाची शिक्षा भोगत होती.

आता कायद्याकडे वळू. अटकेसाठी घरात कसे शिरावे याचा नियम चारशे वर्षांहून जुना आहे. १६०४ मध्ये इंग्लंडच्या न्यायाधीशांनी सांगितले, की राजाचा अधिकारी दार फोडू शकतो, पण आधी त्याने येण्याचे कारण सांगून दार उघडण्याची विनंती केली पाहिजे. हीच रीत १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, १९७३ च्या संहितेत राहिली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. आधी अधिकार व हेतू सांगायचा, प्रवेश मागायचा, नकार मिळाला तरच दार फोडायचे. आत पडदा पाळणारी स्त्री असेल तर तिला बाहेर पडण्याची संधी द्यायची. पळून जाऊ नये यासाठी लागेल त्यापेक्षा अधिक बंधन घालायचे नाही. फाशी वा जन्मठेपेचा आरोप नसेल तर अटक करताना जीव घेण्याचा अधिकार या कलमातून मिळत नाही.

नियम चांगला आहे, पण त्यात एक गृहीत दडले आहे. ते म्हणजे दार. ज्याच्या घराला ठोठावण्याजोगे दार आहे, दारामागे वकिलाला ओळखणारे कुणी आहे, उद्या वर्तमानपत्रात ज्याचे नाव येईल, त्याच्या उंबरठ्यावर हा नियम आपोआप आठवतो. जोडेघाटच्या कुडाच्या झोपडीसमोर तो आठवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी पोलीस चकमकीतील मृत्यूंच्या चौकशीसाठी जे नियम घालून दिले, ते महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात. १९९५ ते १९९७ दरम्यान मुंबईत झालेल्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यांतील १३५ मृत्यू हा त्याचा विषय होता. प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र यंत्रणेकडून चौकशी व्हावी, असे न्यायालयाला लिहून सांगावे लागले, यातच आधीची स्थिती उमगते.

बळाचा प्रमाणाबाहेर वापर झाला की ‘आरोपी धोकादायक होता’ हे स्पष्टीकरण तयार असते. कधी ते खरेही असते. शस्त्र घेऊन बसलेल्या टोळीसमोर हात जोडून उभे राहा असे कोणी पोलिसांना सांगणार नाही. पण वर पाहिलेल्या घटनांत बळाचे प्रमाण धोक्याबरोबर वाढलेले दिसत नाही. उद्या या घराविषयी कोणी विचारणा करील की नाही, या अदमासाबरोबर ते वाढते आणि कमी होते. हायमेनडॉर्फविषयी विचारणारे होते. लायक अलींविषयी सारे जग विचारीत होते. भीमाविषयी आणि लातूर-नांदेडच्या त्या निनावी घरांविषयी विचारणारे कोणी नव्हते, म्हणून तिथे रीत पाळली गेली नाही.

दर १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वज फडकतो आणि तो फडकलाच पाहिजे. त्या दिवशी गोविंदराव पानसऱ्यांबरोबर कुमराम भीमाचेही नाव घेतले जावे, कारण तोही याच राजवटीशी लढला आणि तेव्हाच्या आपल्याच जिल्ह्यात मेला. आणि सुंदरलाल समितीचा अहवालही शाळा-महाविद्यालयांत वाचला जावा. त्याने मुक्तिसंग्रामाला उणेपणा येत नाही. रझाकारांच्या राज्यात घराचे दार सुरक्षित नव्हते, म्हणून तो संग्राम झाला. दार सगळ्यांचेच सुरक्षित राहिले की नाही, हे विचारणे त्याच संग्रामाचे उरलेले काम आहे.