कोलू पाटलाचा तलाव कुणी कुणी बांधला?

एखाद्याने मनात धरलेली गोष्ट पुरी व्हायला किती माणसे लागतात? आपली पाठ्यपुस्तके या प्रश्नाकडे फारसे लक्ष देत नाहीत. 'अमक्या राजाने किल्ला बांधला', 'तमक्याने कालवा काढला' असे लिहिले की एक नाव उरते आणि बाकीचे सारे विसरले जातात. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधच्या तलावाविषयीही असेच एक वाक्य सांगितले जाते : 'हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने बांधला.' या लेखात आपण हे वाक्य उलगडून पाहू.

डोंगरांची मदत

तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. कोलू पाटलाला बांध घालताना या सात बहिणींनी मदत केली आणि त्यांचे पाय पाण्याखाली एकमेकींना टेकलेले आहेत, अशी दंतकथा आहे. पुढे कोलू पाटलाचाही कोलासूर देव झाला.

या कथेत एक शास्त्रीय गोष्ट दडलेली आहे, असे आम्हाला वाटते. सपाट जमिनीवर तलाव करायचा तर चारही बाजूंनी पाळ घालावी लागेल. पण टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट जागेत निसर्गानेच बहुतेक भिंती उभारलेल्या असतात. पाणी ज्या फटीतून वाहून जाते तेवढी बुजवली की झाले. थोड्या मातीत सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा जलाशय उभा राहतो, तो असा. म्हणजे सात बहिणींनी मदत केली हे खरेच! मात्र ती मिळवण्यासाठी कुणीतरी पावसाळ्यात हिंडून पाणी कुठून येते, कुठे जाते हे पाहून ठेवलेले असले पाहिजे.

राजाची मदत

कोहळी लोक तलाव बांधण्यात आणि ऊस पिकवण्यात वाकबगार. चांद्याच्या एका गोंड राजाने आपल्या पूर्वजांना काशीहून इकडे आणून वसवले, असे ते सांगत आले आहेत. चांद्याच्या गोंड राजांबद्दल आणखी एक परंपरा नोंदलेली आहे. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन मिळे.

या अटीतली हुशारी पाहण्यासारखी आहे. राजाने तिजोरीतून पैसा दिला नाही, मोजून जमीनही दिली नाही. जमीन किती मिळणार हे बांधणाऱ्याच्या कसबावर अवलंबून ठेवले. तलाव फुटला तर बक्षीसही गेले. तलाव टिकला तर बांधणाऱ्याला शेत आणि राजाला वसलेले गाव. एकाचे ध्येय दुसऱ्याच्याही फायद्याचे झाले की मदत मागावी लागत नाही, ती आपोआप जुळून येते.

गावाची मदत

या भागात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. मग तलाव हवा कशाला? कारण जवळजवळ सारा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये येतो. भात लोंबीवर येण्याच्या सुमारास त्याने दडी मारली तर पीक हातचे जाते. तेव्हाचे एकदोन पाणी तलाव देतो. उसाला तर पावसाळ्यानंतरही पाणी लागते. कोलू पाटलाचे ध्येय जे असेल ते असो, गावातल्या प्रत्येक भातकऱ्याला त्या पाण्याची गरज होती.

मातीच्या तलावाचे तीन मुख्य भाग. एक पाळ, म्हणजे मातीचा बांध. दुसरा तुडुम, म्हणजे पाणी सोडण्याची सोय. हिची भोके वेगवेगळ्या उंचीवर असतात. पाणी उतरेल तसे खालचे भोक उघडायचे. तिसरा सलंग, म्हणजे जादा पाणी बाहेर काढणारा सांडवा. तो पाळीपेक्षा खालच्या पातळीवर असावाच लागतो. पाणी एकदा पाळीवरून वाहू लागले की माती खरवडत जाते आणि पाळ फुटते. एका तलावाच्या सलंगातून निघालेले पाणी पुष्कळदा खालच्या तलावात जाई. त्यामुळे वरच्या गावाने हयगय केली तर खालच्या गावाची पाळ धोक्यात येई.

ही कामे एकदा करून संपत नाहीत. दर पावसाळ्यात पाळीवर नजर ठेवायची, पाणी वाटायचे, पाट साफ करायचे, गाळ काढायचा. हे सारे गाव करी, कारण प्रत्येकाचा त्यात वाटा होता. शेतकऱ्याला पाणी आणि गाळाचे खत, धीवरांना मासे आणि शिंगाडे. इंग्रजी अमलात पाणी-वाटपाचे रिवाज गावच्या 'वाजिब-उल-अर्ज' या दप्तरात लिहूनही ठेवले गेले.

हे चित्र फार गोड रंगवू नये. १८६० नंतरच्या दशकात इंग्रजांनी पाटलांना गावचे मालक, म्हणजे मालगुजार केले. मालगुजारीत वेठबिगारीही होती. मदत आणि सक्ती यांतली सीमा गरिबाच्या बाबतीत नेहमीच स्पष्ट नसे.

वाटा तुटला तेव्हा

१९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि १९५१ मध्ये तलाव सरकारकडे गेले. न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते. पण पूर्व विदर्भातल्या हजारो तलावांची देखभाल आता कुणी करायची? मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे अशी वाटणी झाली. 'तलाव सरकारचा' म्हणताच गावाचे हात मागे आले. गाळ साठला, पाट बुजले, बेशरमची झुडपे माजली. मालक बदलला त्याबरोबर लोकांचा वाटाही पुसट झाला होता.

तो वाटा पुन्हा जोडता येतो, हे याच जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावने दाखवले आहे. तेथील धीवरांच्या सहकारी संस्थेचे पतिराम तुमसरे यांना तलावातले देशी मासे परत आणायचे होते. कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीच्या आधाराने राहतो, ही माहिती वृद्ध धीवरांकडे होती. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांच्या सोबतीने ती गोळा झाली. मग बेशरम उपटून, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळाची मशागत करून तेथे हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या देशी वनस्पती लावल्या गेल्या. या कामात स्त्रियांचा हात मोठा होता. मासे वाढले, पाखरेही आली. येथे कुणी राजा नव्हता, मालगुजारही नव्हता. होती ती अनुभवाची माहिती, अभ्यासकांची साथ आणि मिळकतीतला वाटा.

वर्गासाठी

आपल्या गावातला एखादा तलाव, विहीर, बंधारा किंवा शाळेची इमारत निवडावी. ती कुणी बांधली हे विचारून मुलांनी एका नावावर थांबू नये. जागा कुणी दाखवली, जमीन कुणी दिली, माती कुणी वाहिली, मजुरी मिळाली की नाही, आज डागडुजी कोण करतो आणि त्याला त्यातून काय मिळते, हे सहा प्रश्न म्हाताऱ्या माणसांना विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर ती वास्तू फार दिवस टिकणार नाही, असे समजावे.