रॉइस नदीवरील छताचे पूल

स्वित्झर्लंडमध्ये रॉइस नदी सरोवरातून बाहेर पडते त्या ठिकाणी लूसर्न हे नगर वसले आहे. नदीच्या या मुखापाशी एके काळी छताचे तीन लाकडी पूल होते. त्यांतला सर्वांत लांब होफब्रुके एकोणिसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने मोडला गेला. उरले दोन, आमचा विषय तेच होत.

पुलास छप्पर कशाला, असा प्रश्न दगडी कमानींची सवय असलेल्या आपल्या वाचकांस पडेल. पांथस्थाचा निवारा हा त्याचा गौण उपयोग. मुख्य हेतू लाकूड राखण्याचा. सांध्यांत पाणी मुरले की तुळया कुजतात; ते कोरडे राहिले तर तोच पूल कित्येक पिढ्या तग धरतो.

कापेलब्रुके हा चौदाव्या शतकात नगराच्या तटबंदीचा भाग म्हणून उभारला गेला. म्हणूनच तो नदी तिरकस ओलांडतो. त्याच्या शेजारचा अष्टकोनी जलबुरूज पुलाहूनही जुना. तिजोरी, दफ्तरखाना आणि तुरुंग अशी तिन्ही कामे त्याने केली. सतराव्या शतकात छताखालच्या त्रिकोणांत हान्स हाइनरिख वेग्मान याने फळ्यांवर चित्रे रंगविली. नगराचा इतिहास आणि संत लिओडेगार व संत मॉरिस यांची चरित्रे हे त्यांचे विषय. प्रत्येकाखाली जर्मन पद्य. प्रॉटेस्टंट पंथाला तोंड देणाऱ्या कॅथॉलिक नगराने आपली बाजू येथे भर रहदारीत मांडली होती. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या पुलाकडे वळावे ते यासाठी.

१७-१८ ऑगस्ट १९९३ च्या रात्री पुलास आग लागली. छत जळाले आणि सुमारे दोन तृतीयांश चित्रे नष्ट झाली. एप्रिल १९९४ मध्ये पूल पुन्हा खुला झाला. आता हा जुना पूल म्हणावा काय? आमच्या मते निदान पुलापुरते, होय. कुजली तुळई काढून नवी बसविणे ही अशा पुलांची रीतच आहे, आणि सुताराची विद्या हस्तांतरित होऊ शकते. चित्रांची गोष्ट निराळी. वेग्मानचा हात पुन्हा मिळणार नाही, आणि नव्या लाकडाच्या कौतुकात ही हानी बुजवली जाते.

दुसरा पूल श्प्रॉयरब्रुके. गिरण्यांचा कोंडा नदीत टाकण्याची मुभा फक्त येथेच होती, कारण हा प्रवाहाच्या सर्वांत खालच्या अंगास. नावही कोंड्यावरूनच पडले. १५६६ च्या पुरात तो वाहून गेला व पुन्हा बांधला गेला. १६२६ ते १६३५ या काळात कास्पार मेग्लिंगरने येथे ‘मृत्यूचे नृत्य’ चितारले. मूळच्या सदुसष्ट फळ्यांपैकी पंचेचाळीस शिल्लक आहेत. त्यांत मृत्यू धर्मगुरू आणि सम्राट यांनाही हात धरून नेतो. खर्च देणाऱ्या घराण्यांची कुलचिन्हेही तेथेच रंगविलेली आहेत.