सहा निघाले होते



स्मरणिकेसाठी लेख मागताना समितीने सांगितले होते, "शाळेच्या आठवणी सगळेच लिहितील. तू जरा वेगळे लिही, इतिहासातले काहीतरी." म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या एका सायकल मोहिमेची हकीकत लिहीत आहे. पण सायकल म्हटले की आपल्या शाळेचा सायकल स्टँड डोळ्यांपुढे येतोच, तेव्हा सुरुवात तिथूनच करते.

१९९६ साली आपण दहावी झालो तेव्हा वाशीम जिल्हाही झाला नव्हता. तो १ जुलै १९९८ ला झाला. तोपर्यंत आपण अकोला जिल्ह्यातले. शाळेत येणारे निम्मेअधिक सायकलवर. बहुतेकांना वडिलांची किंवा मोठ्या भावाची सायकल मिळालेली, त्यामुळे सीटवर पाय पुरत नसत. शिकलो ते सगळे कैची मारूनच. पावसाळ्यात गावाकडून येणाऱ्यांची खरी परीक्षा असे. काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये असा गच्च बसायचा की चाक फिरेना. मग थांबायचे, काडीने चिखल काढायचा, शंभर पावले जायचे आणि पुन्हा थांबायचे. उन्हाळ्यात बाभळीचे काटे. पाच-सहा किलोमीटरची शाळा, पण ती मोहीमच होती. फक्त तिला मोहीम म्हणायचे आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

आता खऱ्या मोहिमेकडे वळू.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कपाडिया ही त्यांची नावे. सगळे ऐन विशीतले, मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबचे सभासद. तेव्हा आपला देश इंग्रजांच्या ताब्यात होता. बाहेरच्या देशांत हिंदी माणूस दिसायचा तो बहुधा फौजेतला शिपाई, मजूर, व्यापारी किंवा विलायतेला शिकायला गेलेला विद्यार्थी. नुसते जग पाहायला आणि आपल्या देशाची ओळख जगाला करून द्यायला निघालेला हिंदी तरुण ही नवलाची गोष्ट होती.

त्यांच्या सायकली कशा असतील याची कल्पना आपल्या पिढीला सहज येईल, आपल्या मुलांना येणार नाही. आज ज्याला गिअरची सायकल म्हणतो तशी सोय तेव्हा सर्रास नव्हती. टूर द फ्रान्ससारख्या नावाजलेल्या शर्यतीतसुद्धा साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या गिअरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. म्हणजे चढ आला की उभे राहून पेडल मारायचे, ते जमेना तर उतरून ढकलायचे. हवेचा टायर १८८८ मध्ये डनलॉपने करून दाखवला, त्याला तेव्हा जेमतेम पस्तीस वर्षे झाली होती. पंक्चर आपले आपण काढायचे. वाटेत दुकान नाही, आणि फोन करून बोलवावे असे कोणी नाही.

पंजाबातून ते बलुचिस्तानात शिरले. आपले वाशीमही पठारावर आहे, पण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. बलुचिस्तानातले क्वेट्टा सोळाशे मीटरच्या वर. त्याच्या पश्चिमेला उघडेबोडके डोंगर, खारी मैदाने, आणि एका पाणवठ्यापासून दुसऱ्यापर्यंत मैलोन्‌मैल काही नाही. इंग्रजांनी तिथे इराणच्या सीमेपलीकडे दुझदाबपर्यंत रेल्वे नेली होती. ते गाव आज झाहेदान म्हणून ओळखले जाते. तिथून पुढे इराणचे पठार लागते. बर्फाचे डोंगर एका बाजूला आणि मिठाचे वाळवंट दुसऱ्या बाजूला, असा तो मुलूख. राजकीय हवाही अस्थिर होती. हे सहा जण मुंबईहून निघाले त्याच महिन्यात रझा खान इराणचे पंतप्रधान झाले, आणि दोन वर्षांत ते स्वतःच शहा होऊन बसले.

सहा जण तेहरानला पोचले. तिथून नरिमन कपाडिया मागे फिरले. कारण एवढेच सांगितले जाते: वैयक्तिक अडचण. या दोन शब्दांकडे मी पुन्हा येणार आहे, लक्षात असू द्या.

उरलेले पाच इराकमध्ये बगदादला आले. पहिले महायुद्ध संपून पाच वर्षे झाली होती. तुर्कांचे साम्राज्य मोडले होते; इराक इंग्रजांच्या आणि सीरिया फ्रेंचांच्या ताब्यात गेला होता. या दोन देशांच्या मधे वाळवंट. बगदादहून सीरियातल्या अलेप्पोपर्यंतचे सुमारे ९५६ किलोमीटर त्यांनी २३ दिवसांत कापले. वाळूची वादळे, पाण्याचे हाल आणि अंग भाजून काढणारे ऊन, असे ते २३ दिवस होते. भागाकार केला तर रोजचे एकेचाळीस-बेचाळीस किलोमीटर पडतात. म्हणजे वाशीमहून मंगरूळपीर गाठून थोडे पुढे. डांबरी रस्त्यावर हे अंतर काहीच नाही. पण वाळूत सायकल चालत नाही, ती रुतते. अरुंद टायर आणि त्यावर माणसाचे, सामानाचे, पाण्याचे ओझे. चाक रुतले की उतरायचे आणि ढकलायचे. आपल्या काळ्या मातीतून ज्यांनी सायकल ढकलली आहे त्यांना हे वेगळे समजवावे लागणार नाही. आपल्याकडे मात्र निदान गाव दिसत असे.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. १९२३ च्या त्याच ऑक्टोबरात नेर्न नावाच्या न्यूझीलंडच्या दोघा भावांनी दमास्कस ते बगदाद अशी वाळवंटातून मोटारींची नियमित सेवा सुरू केली होती. पैसे मोजले की दीड-दोन दिवसांत वाळवंट पार होत असे. म्हणजे आपले पाच जण ज्या मुलखातून सायकली ढकलत गेले तिथे मोटारीचा काळ सुरू झाला होता. सोपी वाट नव्हती म्हणून ते सायकलवर गेले असे नाही. ती ठाऊक असूनही त्यांनी आपली सायकल सोडली नाही.

पुढचा प्रवास मोठा आहे, तो थोडक्यात सांगते. इजिप्तवरून इटली, मग युरोप आणि इंग्लंड, तिथून बोटीने अमेरिका. अमेरिकेत गुस्ताद हाथीराम यांनी तिथेच राहायचे ठरवले. त्यांच्या त्या निर्णयाने खट्टू होऊन केकी पोचखानावाला परत फिरले. उरले तिघे: हकीम, बापासोला आणि भुमगरा. त्यांनी अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पार केली आणि जपान, कोरिया, चीन, सयाम, ब्रह्मदेश असे करत आसाममार्गे ते मायदेशी आले. १८ मार्च १९२८ रोजी मुंबई. साडेचार वर्षांच्या आसपास काळ आणि सुमारे ७१ हजार किलोमीटर. त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९३१ मध्ये निघाले. प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची.

हे काही एकटेच उदाहरण नव्हे. जानेवारी १९२४ मध्ये मुंबईचे क्रीडा पत्रकार फ्रामरोज दावर एकटे सायकलवर निघाले. व्हिएन्नात त्यांना गुस्ताव्ह श्टाव्यानिक हा ऑस्ट्रियन सोबती मिळाला आणि दोघांनी सहारा वाळवंट, अँडीज पर्वत आणि अ‍ॅमेझॉनचे खोरे पालथे घातले. दावर परतले १९३१ मध्ये. १९३३ मध्ये आणखी तिघे निघाले, केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ. अफगाणिस्तानसारखा खडतर मुलूख आणि पाच खंड पाहून ते १९४२ मध्ये, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, परत आले. एका शहरातून वीस वर्षांत अशा तीन मोहिमा निघाल्या, तरी आपल्या शाळेतल्या कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात त्यांचे नाव भेटल्याचे मला आठवत नाही. सनावळ्या आपण भरपूर पाठ केल्या. त्यांत सायकलला जागा नव्हती.

खरे तर लांबचा प्रवास आपल्या मातीला परका नाही. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थ. याच समाजाचे तांडे शेकडो बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूखच्या मुलूख ओलांडत असत. रेल्वे आली आणि तो व्यवसाय बुडाला. त्या वाटा कोणी कशा काढल्या, कोण वाटेत राहिले, याची पुस्तके झाली नाहीत.

आता त्या दोन शब्दांकडे येते, "वैयक्तिक अडचण".

आजही या मोहिमेबद्दल जिथे लिहून येते तिथे छायाचित्र आणि कौतुक तिघांचे असते. साहजिक आहे, ते पोचले, त्यांनी पुस्तक लिहिले. पण नरिमन कपाडियांनीही बलुचिस्तान आणि इराणचे पठार त्याच चाकांवर पार केले होते. हाथीराम आणि पोचखानावाला तर ते २३ दिवसांचे वाळवंट ओलांडून अमेरिकेपर्यंत गेले होते. तेवढा प्रवास त्यांचाही पूर्ण झालेलाच होता. शेवटची रेघ कुठे मारायची हे आपण ठरवतो आणि त्या रेघेच्या अलीकडे राहिलेल्यांना विसरतो.

हे वाचत असताना मला आपल्या वर्गातली एक मुलगी आठवली. तिचे नाव इथे लिहीत नाही, पण आठवी-नववीत "अ" तुकडीत असलेल्यांच्या लगेच लक्षात येईल. गावाहून वडिलांच्या बावीस इंची सायकलवर यायची. दांडीच्या सायकलवर मुलगी म्हणून रस्त्यावर पोरे हसायची, ती लक्ष द्यायची नाही. गणितात माझ्या पुढे होती. नववीत दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. बाईंनी विचारले तेव्हा कोणीतरी सांगितले, "घरची अडचण आहे." बाईंनी हजेरीपटावर रेघ मारली. आपण पुढचा धडा उघडला.

या मेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा खटपट करून मी तिचा नंबर मिळवला. तीस वर्षांनी बोललो. अडचण काय होती ते तेव्हा कळले. घरात सायकल एकच होती. मोठ्या भावाला अकरावीला शहरात प्रवेश मिळाला आणि सायकल त्याला लागली. एवढेच. मी म्हटले, मेळाव्याला ये, स्मरणिकेत सगळ्यांची नावे येणार आहेत. ती हसली आणि म्हणाली, "माहं नाव कसं येईन वं त्याच्यात? मी कुठं दहावी केली!"

मला उत्तर सुचले नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात हे रोज दिसते. यादी मागताना जी अट घालावी तेवढीच माणसे यादीत येतात. बाकीची नसतात असे नाही, आपण त्यांना विचारलेले नसते. आपली यादी मार्च १९९६ च्या दहावीच्या निकालावरून केली आहे. चूक कोणाची नाही, तो कागद हाताशी होता. पण पाचवीला आपल्याबरोबर जे बाकावर बसले आणि वाटेत कुठेतरी उतरले, ते त्या कागदावर नाहीत. आठवून पाहा, त्यात मुली जास्त आहेत.

एका सायकलने किती फरक पडतो हे आता आकड्यांनीही दाखवले आहे. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. अभ्यासकांनी तपासले तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. आणि २०१८ मध्ये पुण्याची वेदांगी कुलकर्णी, वय जेमतेम वीस, १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटर सायकल चालवून जगाची फेरी करून आली. वाटेत स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटले, रशियात बर्फाने गाठले. १९२३ च्या सहांत एकही मुलगी नव्हती. शंभर वर्षांत रस्ता तेवढा तरी पुढे आला आहे.

म्हणून समितीला आणि तुम्हा सगळ्यांना एक विनंती. मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर एक कोरी वही ठेवू या. पाचवी ते दहावी या सहा वर्षांत आपल्याबरोबर जे कोणी वर्गात होते, एक वर्ष का असेना, त्यांची नावे प्रत्येकाने आठवून त्यात लिहावीत. पुढच्या वेळी निमंत्रण त्या वहीवरून जावे. पहिले नाव मी लिहिणार आहे. तिला मी पुन्हा फोन केला आहे आणि ती येते म्हणाली आहे. बसथांब्यावर तिला घ्यायला मी जाणार आहे. कोणाकडे चालू स्थितीतली जुनी बावीस इंची सायकल असेल तर त्या दिवसापुरती द्यावी, हवा मी भरून घेईन.