निळी शाई आणि गावच्या दप्तराचे आयुष्य

१

ऐतिहासिक कागदाची परीक्षा करताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम मजकुराकडे, मग अक्षराच्या वळणाकडे, तारखेकडे व शिक्क्याकडे आणि क्वचित खुद्द कागदाकडे जाते. ज्या द्रव्याने तो मजकूर लिहिला गेला त्या शाईचा विचार मात्र सहसा होत नाही. वस्तुतः दप्तराचे आयुष्य जितके कागदावर तितकेच शाईवर अवलंबून असते. विसाव्या शतकात काळ्या शाईची जागा निळ्या शाईने घेतली. हा केवळ रुचीतील पालट नव्हता. कोणता लेख टिकावा आणि कोणता पुसला जावा, याचा निर्णय त्यात नकळत होऊन गेला.

या प्रश्नाच्या विचारास पिशोरचे उदाहरण सोयीचे आहे. पिशोर हे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील गाव. सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथे निजामाचा अंमल होता. पुढे १९५६ च्या ऑक्टोबरअखेर ते भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्यात राहिले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. म्हणजे गाव जागचे न हलता बारा वर्षांच्या आत त्याची राजवट तीनदा बदलली. प्रत्येक बदलाबरोबर कागदपत्रांचे नवे थर साचले. नेमका हाच काळ फाउंटन पेनच्या भरभराटीचा होता.

२

'शाई' हा शब्द फारसी 'स्याही'पासून आला असून त्याचा मूळ अर्थ 'काळेपणा' असा आहे. त्याहून जुना शब्द 'मसी'. त्याचाही संबंध काजळाशीच. तेव्हा 'निळी शाई' हा प्रयोग व्युत्पत्तीच्या दृष्टीने वदतोव्याघात होय. तो आज कोणाच्या कानाला खटकत नाही, इतका हा बदल अंगवळणी पडला आहे.

जुनी शाई दिव्याचे काजळ, बाभळीसारख्या झाडाचा डिंक आणि पाणी यांची असे. काजळ डिंकात जितके अधिक घोटावे तितकी शाई सरस, हा तिचा मुख्य नियम. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात निरनिराळ्या देशींचे बोरू, हिंगूळ, मसी इत्यादींचा संग्रह करण्याचा उपदेश येतो. लेखनसाहित्याची निवड हा लेखकाच्या कर्तव्याचाच भाग होय, ही जाणीव त्यामागे स्पष्ट आहे.

काजळ म्हणजे कार्बन. त्यावर उन्हाचा किंवा हवेचा परिणाम होत नाही, म्हणून दोनतीनशे वर्षांपूर्वीच्या कागदावरील अक्षरे आजही ठसठशीत दिसतात. या शाईचा दोष एकच. डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे कागद भिजल्यास अक्षरे पसरतात.

या शाईला जोडीदार कागदही याच जिल्ह्यात मिळत असे. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यातील हातकागदाची परंपरा मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीस हलविली त्या काळाशी जोडली जाते. खळ देऊन व घोटून गुळगुळीत केलेल्या अशा कागदात शाई फारशी मुरत नाही, ती पृष्ठभागावर बसते. बोरू, काजळी शाई आणि घोटीव कागद ही तिन्ही साधने अशा रीतीने परस्परांस अनुरूप होती. त्यांतील एक बदलले की इतर दोहोंस बदलणे भाग होते.

३

बदल प्रथम लेखणीत झाला. लुई वॉटरमन या अमेरिकन गृहस्थास १८८४ मध्ये फाउंटन पेनचे पेटंट मिळाले. या पेनास मराठीत 'झरणी' असेही नाव पडले. त्यातील शाई निबेखालच्या जिभेवरील केसासारख्या बारीक खाचांतून निबेच्या टोकापर्यंत येते. काजळाचे कण डिंकासह या खाचांत वाळले की पेन बंद पडतो. बोरूला जी शाई उत्तम तीच झरणीला घातक ठरली. झरणीस पूर्णपणे विरघळलेला रंग हवा होता. असा रंग पुरविण्याचे काम रसायनशास्त्राने केले. विल्यम पर्किन याने १८५६ मध्ये पहिला कृत्रिम ॲनिलीन रंग तयार केला, आणि पुढील काही दशकांत चमकदार निळे रंग स्वस्तात मिळू लागले.

निळ्या शाईचे मात्र दोन भिन्न प्रकार आहेत, आणि त्यांचा भेद न ओळखल्यास पुढील विवेचन निरर्थक ठरेल. पहिला प्रकार निळ्या-काळ्या शाईचा. हिराकस आणि मायफळातील टॅनिन यांच्या मिश्रणाने ही शाई होते. लिहिताना हे मिश्रण इतके फिके असते की अक्षर नीट दिसत नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग झाल्यावरच ते काळे पडते. तोपर्यंत अक्षर दिसावे एवढ्यासाठी तीत निळा रंग मिसळतात. येथे निळा रंग हा तात्पुरता प्रतिनिधी असतो. तो उडून गेला तरी मागे लोहाचे काळे अक्षर राहते. इंग्लंडात जन्म, मृत्यू व विवाह यांच्या नोंदवह्यांसाठी अशीच लोहयुक्त शाई दीर्घकाळ विहित होती. तिचा दोष असा की ती आम्ल असल्याने पोलादी निबेस गंज आणते, आणि प्रमाण चुकल्यास शेकडो वर्षांनी कागदही खाते.

दुसरा प्रकार धुऊन जाणाऱ्या निळ्या शाईचा. हीत केवळ पाण्यात विरघळलेला रंग असतो, त्याच्या पाठीशी लोह नसते. ही शाई पेनात गोठत नाही, निबेस गंज आणत नाही, कपड्यावर सांडली तर निघते. शाळकरी मुलांना व घाईत लिहिणाऱ्यांना ती अर्थातच प्रिय झाली. परंतु जी शाई कपड्यावरून निघते ती कागदावरूनही निघते. उन्हाने ती विटते, पावसाच्या थेंबाने पसरते आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने नाहीशी होते.

निळा रंग मुळातच अल्पायुषी असतो असे नव्हे. याच जिल्ह्यातील अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रांत अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दी खड्याचा निळा रंग वापरलेला आहे आणि तो अद्याप टिकून आहे. तो खनिजाच्या कणांचा रंग आहे. कण टिकतात पण जुन्या धाटणीच्या झरणीतून वाहत नाहीत. द्रव वाहतो पण टिकत नाही. झरणीच्या युगाने वाहणे पत्करले.

४

मराठी मुलखात या युगाचा प्रसार स्वदेशी उद्योगाच्या मार्गाने झाला. १९३१ मध्ये अमेरिकेत पार्कर कंपनीने 'क्विंक' ही लवकर वाळणारी शाई बाजारात आणली. त्याच वर्षी मुंबईत दि. प. दांडेकर व त्यांचे बंधू यांनी 'दांडेकर आणि कंपनी' स्थापन केली. प्रथम 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुड्या व वड्या आणि लवकरच फाउंटन पेनसाठी 'कॅमल' शाई, असा त्यांच्या मालाचा क्रम होता. हीच संस्था पुढे 'कॅम्लिन' या नावाने घराघरांत पोचली. बंगालमध्ये १९३४ साली मैत्र बंधूंनी राजशाही येथे 'सुलेखा' शाईचा उद्योग आरंभिला. सविनय कायदेभंगाच्या त्या वर्षांत देशी शाईने लिहिणे ही केवळ सोय नव्हती, तीत अभिमानाचा अंशही होता.

पुड्या व वड्या यांचे महत्त्व विशेष आहे. भरलेली काचेची दौत दूरच्या गावी नेणे जिकिरीचे होते. कागदाची पुडी कोठेही जाऊ शकत होती. मात्र अशा शाईचा दर्जा ती कालविणाऱ्याच्या हाती राही. पाणी अधिक घातले की पुडी पुरवठ्यास येई आणि अक्षर तेवढेच फिके होई. म्हणून एकाच पुडीच्या शाईने लिहिलेल्या दोन कागदांचे आयुष्य सारखेच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

५

आता पिशोरसारख्या गावाकडे पुन्हा वळावे. निजामी अमदानीत गावचे हिशेब पटवारी ठेवीत असे. गावपातळीवर मराठी व तिची मोडी लिपी, तर वरच्या कचेरीत प्रथम फारसी आणि नंतर उर्दू, अशी व्यवस्था होती. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला आणि १९५१-५२ मध्ये प्रौढ मतदानाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. जमिनीचा धनी कोण, कसणारा कोण, मत कोणाचे, हे प्रश्न या काळात प्रथमच सामान्य माणसाच्या लेखणीच्या टप्प्यात आले. अर्ज, हातचिठ्ठ्या, पावत्या, टिपणवह्या, मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांची पत्रे ही या काळाची अस्सल साधने होत.

येथेच शाईचा प्रश्न गंभीर होतो. सरकारी नोंदवह्यांत टिकाऊ निळी-काळी शाई वापरण्याकडे कल असे. खाजगी माणूस मात्र स्वस्त, पेनास न बिघडविणारी, धुऊन जाणारी निळी शाई सहज पसंत करी. जेथे असे घडले तेथे एकाच व्यवहाराच्या दोन बाजूंपैकी कचेरीची बाजू अधिक टिकते व अर्जदाराची आधी विटते. अठराव्या शतकातील सनद वाचता येते, पण १९५० मधील कुळाच्या अर्जाची घरी ठेवलेली प्रत वाचता येत नाही, अशी विपरीत स्थिती त्यामुळे संभवते. पुढील पिढीच्या इतिहासकाराने केवळ वाचता येणाऱ्या कागदांवर विसंबून लिहिले, तर तो शासनाचा इतिहास होईल, गावाचा होणार नाही. साधनांचा हा कल कोणाच्या हेतूतून नव्हे, तर दौतीतून उत्पन्न झालेला आहे.

६

यातून अभ्यासकास काही नियम घालून घेता येतात. पहिला, शाई हा काळनिर्णयाचा पुरावा आहे. पेशवाईतील म्हणून पुढे आलेल्या कागदावर ॲनिलीनचा निळा रंग आढळला, तर तो मजकूर १८५६ नंतरचा आहे यात शंका उरत नाही. दुसरा, शाईंचा भेद डोळ्यांवर सोडू नये. अवरक्त प्रकाशात काजळी शाई काळीच राहते, लोहयुक्त शाई फिकी होते आणि ॲनिलीनची निळी शाई बहुधा दिसेनाशी होते. मागाहून घुसडलेला शब्द यामुळे उघडा पडतो. विटलेले लोहयुक्त अक्षर अतिनील प्रकाशात पुन्हा वाचता येते, पण तेही थोडाच वेळ, कारण प्रकाश स्वतःच नाशक आहे. तिसरा, छायाचित्रणाचा क्रम वयावरून ठरवू नये. सर्वांत जुना कागद सर्वांत आधी, हा प्रघात येथे उलटा करावा लागेल. १९३० ते १९७० मधील निळ्या शाईचे खाजगी कागद प्रथम घ्यावेत. ओल्या बोटाने पाने उलटण्याची सवय तर अशा कागदांजवळ सर्वथा वर्ज्य होय.

आज लिहिणाऱ्यासही हाच विवेक लागू आहे. केंद्र शासनाच्या कार्यालयीन कार्यपद्धतीत काळी व निळी शाई प्राथमिक नोंदींसाठी सारखीच ग्राह्य मानली आहे. परंतु ग्राह्यता ही रंगाची, टिकाऊपणाची नव्हे. तालमीच्या वह्यांस धुऊन जाणारी निळी पुरेशी आहे. क्षेत्रीय टिपणे, साक्षी व करार यांसाठी निळी-काळी लोहयुक्त शाई किंवा अलीकडे मिळणारी अतिसूक्ष्म रंगकणांची शाई घ्यावी. ती पेनात वाळू देऊ नये, दोन शाई एकत्र करू नयेत, आणि शाई बदलताना पेन साध्या पाण्याने पुरता धुवावा. नवी शाई पारखण्याचा मार्गही सोपा आहे. कागदावर काही ओळी लिहून अर्ध्या झाकाव्यात, कागद महिनाभर उन्हात ठेवावा आणि दोन्ही अर्धांची तुलना करावी.

बोरूने लिहिणाऱ्यास काजळी शाईचा टिकाऊपणा परंपरेनेच मिळाला होता. झरणीने लिहिणाऱ्यास तो निवडावा लागतो. पिशोरच्या घराघरांतील ट्रंकांत १९४८ ते १९६० या वर्षांचे जे कागद अद्याप शिल्लक असतील त्यांच्या बाबतीत ही निवड केव्हाच होऊन गेली आहे. ते वेळेत वाचून त्यांच्या प्रती करणे, एवढेच आजच्या अभ्यासकाच्या हाती उरते.